दुरुस्त झालेली मशीन पूर्ववत करून मिळण्याबाबत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती कार्यालय, आमच्या तालुक्याचे,
जिल्हा छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : मनकर्णाबाई भ्र. काकासाहेब मोकासे, वय अंदाजे पंच्याहत्तर (पोलीस ॲक्शनच्या साली जन्म), धंदा शेती, रा. मौजे बोरमाथा, खालची वस्ती, पिशोरच्या वाटेवर.

विषय : झाडं कापायची सरकारी मशीन दुरुस्त होऊन आली आहे ती पूर्वीसारखी करून मिळणेबाबत, तसेच ती अर्जदाराच्या ओट्यावरून न हलवणेबाबत.

संदर्भ : आपल्या सहीचं पत्र, जे ग्रामसेवकाने माझ्या दाराला चिकटवलं. जावक नंबर डिंकाखाली गेला. तो आपल्याकडेच पाहून घ्यावा.

महोदय,

वरील विषयी कळविण्यात येते की, मी दुसरी इयत्ता शिकलेली आहे. तिसरीत बसायच्या आत लग्न झालं. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे बसतात हे मला माहीत आहे, पण माझं गाऱ्हाणं ऐकून त्यातला एक हसला, सबब हा अर्ज मी स्वतः लिहिला आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तिथं दुरुस्त करून वाचावं. दुरुस्त करायची आपल्या कार्यालयाला हौस आहेच.

१) सदर मशीन म्हणजे पेट्रोलवर चालणारी करवत. कागदावर तिला चेनसॉ म्हणतात, गावात कटर म्हणतात, मी मशीन म्हणते. ज्या साली वादळात शाळेपुढचा लिंब रस्त्यावर आडवा झाला आणि बाळंतपणाची जीप त्याच्या अलीकडे अडकली, त्यानंतर सरकारने ती गावाला दिली. चालवायचं शिकायला जिल्ह्याच्या गावी एक माणूस पाठवा असा हुकूम आला. कोणी जाईना, म्हणून आमचे मालक काकासाहेब गेले. परत आले ते मांडीवर मशीन घेऊन, एसटीत, नवी नवरी आणल्यासारखे. ग्रामपंचायतीची खोली गळकी होती, म्हणून मशीन आमच्या ओट्यावर ठेवायची असं सगळ्यांनी ठरवलं. तेव्हापासून ती तिथंच आहे. तिच्यावर घालायची गोधडीची खोळ मी शिवलेली आहे, ती सरकारी नाही, ती माझी आहे, हेही नोंद करून घ्यावं.

२) या मशीनचा स्वभाव आपल्याला लेखी कळावा म्हणून लिहिते, कारण आपल्या तपासणी कागदावर एकच शब्द लिहिला आहे, नादुरुस्त. तो शब्द लिहिणाऱ्याने तिच्याजवळ बसून पाहिलं नाही.

मशीन थंड असली की चोक पूर्ण ओढायचा आणि दोरी ओढत राहायची. चांगल्या मशीन दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला फुर्र करून सांगतात की मी जागी झाले. आमची असं मोठ्याने काही सांगत नसे. कधी चौथ्या ओढीला, कधी गडी घामाने भिजल्यावर, ती एकदाच हळू खाकरायची. मालक पहाटे ओसरीवर घसा साफ करायचे ना, तेवढंच. त्याच क्षणाला चोक आत ढकलायचा आणि पुढची ओढ मारायची, की झाली चालू. ते खाकरणं हुकलं आणि जोरात आणखी एक ओढ मारली की पेट्रोल प्लगावर चढायचं. मग प्लग काढा, पुसा, उन्हात ठेवा, आणि ज्याने ओढली त्याला चार शब्द ऐकवा. हे शेवटचं काम मी करायची.

मालक गेल्यावर पहिल्या खेपेला गावातले पाच धट्टेकट्टे पुरुष आमच्या अंगणात तिच्याशी झटत होते. मी आत भाकऱ्या थापत होते. मला तव्यावरून ऐकू आलं. मी ओरडले, अरे बोलली ती, चोक ढकल. सांडूने ढकलला आणि मशीन चालू झाली. हा सांडू म्हणजे आमच्या शेजारच्या मळ्यातला, आता गावात तोच कापायचं काम करतो. त्या दिवसापासून रीत पडली. दोरी ओढायला सांडू, ऐकायला मी. मी झाड कधी कापलं नाही. मशीनला हात लावायचाही प्रसंग कमीच. पण माझ्यावाचून ती पातं हलवत नसे, हे मौजे बोरमाथ्यात कोणालाही विचारावं.

दुसरा स्वभाव असा की तापली की रुसायची. भर कामात बंद पडली तर निवल्याशिवाय पुन्हा चालू व्हायची नाही, आणि निवली की परत माझ्याच कानापाशी आणावी लागायची. पात्याचं नाक खाली केलं तरी दम तोडायची, म्हणून जाड बुंधा आडवाच कापावा लागे आणि त्याला वेळ लागे. तोपर्यंत माणसं ओट्यावर बसत. बसली की चहा होई. चहा झाला की कोणाची सोयरीक कुठं जमली, कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, कोण कोणाशी बोलत नाही, हे सगळं मला कळे. मी कोणाकडे विचारायला गेले नाही. मोकास्यांची सून दारोदार हिंडत नाही.

३) आपला माणूस पावसाळ्याआधी गावोगावच्या मशीन तपासायला आला त्या दिवशी मी लासूर स्टेशनला भाचीचा बाळंतविडा घेऊन गेले होते. माझ्यामागं मशीन ओढली गेली आणि माझ्यामागंच तिच्यावर शेरा मारला गेला. मी आले तेव्हा ओट्यावर नुसती खोळ पडलेली होती, मोकळी. गोधडीला त्या मशीनचा आकार आला होता तो तसाच होता. मी ती खोळ बराच वेळ उचलली नाही. अर्जाशी याचा संबंध नाही, पण लिहिलं गेलं, आता खोडत नाही.

वाळूजला कंपनीत असलेल्या माझ्या मुलाला, बन्सीला, मी बोलावून घेतलं आणि मशीन कुठं नेली ते शोधत शहरात गेले. कमरोद्दीन मिस्त्रींच्या दुकानात ती होती. माणूस अदबीचा आहे, मला आधी खुर्ची दिली मग पाणी दिलं, त्याच्या कामाबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट तक्रार तीच आहे. ते म्हणाले, "अम्मा, इसमें कुछ नहीं था. रबर की नली चिरी हुई थी, हवा खींच रही थी. नई डाल दी." आणि त्यांनी एका ओढीत मशीन चालू करून दाखवली. मी कान देऊन ऐकलं. खाकरणं नव्हतं. सरळ ओरडणं होतं, बाजारातल्या कुठल्याही मशीनसारखं.

मी म्हटलं, जुनी नळी परत बसवा. त्यांना वाटलं मला ऐकू कमी येतं. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, "लोगां चलाने कू लाते अम्मा, तुम बंद करने कू आए." बन्सीची मान खाली गेली. तो मला बाहेर नेऊन म्हणाला, आई, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक काय म्हणतील ते कळायला लोक घरी यावे लागतात. मिस्त्रींनी सबुरीने सांगितलं की काम सरकारी आहे, साहेबांची चिठ्ठी आणा, जुनी नळी बसवायला मला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागणार नाही. जुनी नळी त्यांनी कचऱ्याच्या डब्यातून काढून पुसून मला दिली. सबब चिठ्ठी मिळावी म्हणून हा अर्ज आहे.

४) दुरुस्तीनंतर काय झालं ते आता कळविते.

मशीन कोणाच्याही हाताला चालू होते. अंगणात कोण येतं, कोण नेतं, पत्ता लागत नाही. सकाळी ओट्यावर असते, दुपारी नसते, सांजेला परत असते, पात्याला ओला भुसा चिकटलेला. भुशाच्या वासावरून मी ओळखते की आज बाभूळ कापली का लिंब. माझ्याकडे येणारी बातमी आता एवढीच. चेनचं तेल कोणी पाहत नाही, कोरडी चालवतात. शाळेमागच्या चिंचेची चांगली फांदी विनाकारण उतरवली, कारण काय तर मशीन चालू होती. पूर्वी चालू करायलाच इतका वेळ लागे की कापावं का नाही याचा विचार आपोआप होई. अर्ध्या झाडांना तिच्या रुसण्यानं जीवदान मिळालेलं आहे, हा मुद्दा वनखात्याला कळवायला हरकत नाही.

कोणाचं चुकतं असं मी म्हणत नाही. सांडूला मी अडवलं की, का रे, आता मावशीला विचारायची गरज उरली नाही व्हय? तो बिचारा म्हणाला, "मावशी, एका झटक्यात चालू होती आता. तुमाला कशाला तरास." म्हटलं, मला तरास आहे असं तुला कोणी सांगितलं? तर हसून निघून गेला. त्याला कामं असतात.

५) हा मुद्दा लिहू का नको असं झालं होतं. लिहिते.

आमच्या गावात मयत झालं की सरणाच्या लाकडासाठी मशीन लागते. त्याची रीत आहे. मयताच्या लाकडासाठी आलेला माणूस ओट्यावर चढत नाही, पाणी घेत नाही, अंगणात टोपी हातात घेऊन उभा राहतो. मी काही विचारत नाही. मशीन बाहेर काढून देते, कान देते, ती चालू होते, आणि मगच तो नाव सांगतो. मशीन चालू व्हायच्या आधी नाव घ्यायचं नाही. का, ते मला ठाऊक नाही, मालकांनी पाडलेली रीत आहे. नाव ऐकलं की मी लुगडं बदलून निघते. आमची वस्ती ओढ्याच्या खालच्या अंगाला. गावातलं रडणं इथवर येत नाही. तरी या रीतीमुळे गावातलं प्रत्येक मरण मला घरच्यांच्या खालोखाल सगळ्यांच्या आधी कळत आलं आहे.

चतुराबाई ही वरच्या आळीतली. ती आणि मी एकाच लग्नसराईत या गावात आलो. मशीनचा आवाज ऐकला की ती काठी टेकत खाली यायची, म्हणायची, "काय गं मनकर्णा, तुझा नवरा खोकतोय व्हय अजून?" मी म्हणायची, "तुझा जिता होता तवा बोलला नाय, माझा मेल्यावरबी बोलतो. जळू नको." मग ती बसायची. एकदा बसली की भाकर खाऊनच उठायची आणि वर म्हणायची तुझ्या कोरड्यासाला मीठ नाही. हे पुष्कळ वर्षं चाललं. मशीन दुरुस्त होऊन आल्यावर तिला आवाज ओळखू आला नाही. दोनदा मी निरोप पाठवला. तिचे गुडघे दुखत होते. मी वर जाणार होते, पण मीच का जाऊ, असंही मनात होतं. ते असो.

श्रावणात एका सकाळी मी मागं म्हशीची धार काढत होते. मशीन एका ओढीत चालू झाली, बंद झाली आणि गेली. मी पुढं येईपर्यंत अंगणात कोणी नव्हतं. थोड्या वेळाने ओढ्याच्या काठाकडून कापल्याचा आवाज यायला लागला. मला वाटलं कोणाची बाभूळ पडली. मी सांडूला मनातल्या मनात शिव्या देत शेण काढलं, न्याहारी केली. आवाज पुष्कळ वेळ येत होता. लाकूड कोरडं होतं, एवढं आवाजावरून मला कळलं. एवढंच कळलं.

दुपार कलल्यावर दूधवाला म्हणाला, आजी, तुम्ही दिसल्या नाही चतुराबाईच्या मयताला. मी गेले तेव्हा तिचं घर सारवून झालं होतं. तिच्या जागेवर पाटीखाली दिवा होता, पीठ पसरलेलं होतं. तिच्या सुनेने मला पाहिलं आणि म्हणाली, आत्याबाई, आम्हाला वाटलं तुम्हाला कळलंच असेल, मशीन तुमच्याच घरून नेली ना.

साहेब, यात सगळं आलं. मला नेहमी आधी कळायचं, म्हणून मला सांगायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. मोबाइल आहे, बन्सीने दिला आहे, पण ओढ्याखाली त्याला आवाज येत नाही, आणि गावातल्या गावात मयत फोनवर कोण कळवतं? चतुराबाईला मी पाणी पाजलं नाही, तोंड पाहिलं नाही. तिच्या लाकडांचा आवाज मी न्याहारी करत ऐकला.

६) आता आपलं पत्र. त्यात लिहिलं आहे की सदर यंत्र सुस्थितीत आहे व कोणासही चालविता येते, सबब ते खासगी घरात ठेवणे उचित नसून ग्रामपंचायत कार्यालयात जमा करावे. ग्रामपंचायतीची नवी खोली पक्की आहे, गळत नाही, मी पाहून आले. कुलूपही चांगलं आहे. आपल्या पत्रात खोट काढावी अशी जागा नाही आणि खोट काढायची मला सवय आहे, म्हणून पुन्हा पुन्हा वाचलं. खासगी घर असं आपण लिहिलं आहे तेवढं मात्र खरं नाही. मशीन होती तोवर आमचं घर खासगी नव्हतं. त्याला दार होतं, पण ते लोटायची वेळ दिवसा येत नसे. आता खासगी झालं आहे. बन्सी म्हणतो वाळूजला चल. तिथं दोन खोल्या आहेत, जिन्यावर आहेत, तिथं मी कोण? बन्सीची आई. इथं मी मशीनवाली मोकाशीण आहे. होते असं लिहावं लागेल.

आपण माझ्या नातवाच्या वयाचे आहात असं ऐकते. तरी खुर्चीला मान म्हणून महोदय लिहिलं आहे आणि मनापासून लिहिलं आहे. आपणाला हसू आलं असेल तर हसून घ्यावं, पण कागद बाजूला टाकू नये. कोणी नवं मागतं, कोणी वाढवून मागतं. मी एक चिरलेली नळी मागते. तिने सरकारचं नुकसान होत नाही. मशीन चालणारच आहे, फक्त थोडी उशिरा आणि माझ्यासमोर.

७) तरी विनंती अशी की,

पहिली : कमरोद्दीन मिस्त्रींच्या नावाने चिठ्ठी द्यावी की अर्जदाराने आणलेली जुनी नळी बसवण्यास या कार्यालयाची हरकत नाही.

दुसरी : नियमात बसत नसेल, कारण चांगली वस्तू बिघडवायची तरतूद सरकारात नसावी असं ग्रामसेवक म्हणतो, तर मशीन आहे तशी राहू द्यावी, पण माझ्या ओट्यावर राहू द्यावी. आणि असा हुकूम काढावा की नेणाऱ्याने ती माझ्यासमोर चालू करून न्यावी. मी पुढं काही बोलणार नाही. नुसती उभी राहीन. चहाची सक्ती हुकमात घालू नये, ते माझं मी बघून घेईन.

तिसरी : हेही होत नसेल तर मग मी कारण लिहिते, ते वाचून ठरवावं. माझ्या घरी मी एकटी आहे. म्हैस विकायला काढली आहे, म्हणजे दूधवालाही येणार नाही. शेत बटाईने दिलं आहे, बटाईदार मागच्या बांधाने येतो-जातो. मशीन ओट्यावर असली तर आज ना उद्या ती न्यायला कोणीतरी अंगणात येईल. हाक मारील. मी बाहेर आले नाही तर आत डोकावेल. मशीन ग्रामपंचायतीत गेली की ज्या दिवशी माझ्या लाकडांसाठी ती लागेल, त्या दिवशी ती लागली आहे हे गावाला कोण सांगणार? चतुराबाईला निदान मागं सून होती.

एवढ्यासाठी मशीन इथून हलवू नये. नळीचं पुढं पाहता येईल.

कळावे, मान राखून लिहिले आहे, कमी-जास्त पोटात घालावे.

आपली विनंती करणारी,
मनकर्णाबाई भ्र. काकासाहेब मोकासे
(सही माझी आहे, अंगठा नाही)

ठिकाण : मौजे बोरमाथा, खालची वस्ती
तारीख : भाद्रपद वद्य पंचमी, पिशोरच्या बाजाराच्या आदल्या दिवशी

सोबत :
१) आपलं पत्र, दारावरून भिजवून काढलेलं, म्हणून कोपरा नाही.
२) जुनी रबरी नळी, नग एक, चिरलेली. ही परत मिळावी.

ता.क. : उत्तर टपालाने पाठवू नये, टपालवाला वस्तीची पत्रं शाळेतच ठेवून जातो. आणि दारालाही चिकटवू नये. माणूस पाठवावा. मी मागं गोठ्यात असेन, हाक लवकर ऐकू गेली नाही तर त्याने कडी वाजवत राहावं, लगेच निघून जाऊ नये.